रुआ, देजार्दँ आणि किंग: हे एकच घराणे आहे की तीन निराळी?

शोधयात्री (प्रश्न)

नमस्कार. यजमानांच्या आजोळच्या घराण्याचा शोध घेताना मी गेले चार महिने एकाच जागी अडकले आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

यजमानांच्या आजीचे वडील १८९० च्या सुमारास कॅनडाच्या क्युबेक प्रांतातून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथे कापडगिरणीत कामाला आले आणि तेथेच त्यांचा विवाह झाला. लॉवेलच्या नगरपालिकेच्या विवाहनोंदीत त्यांचे आडनाव ‘किंग’ असे आहे. त्याच विवाहाची फ्रेंच पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या) नोंदवहीतील नोंद मिळवली, तर तिथे ‘रुआ’ आहे. (इंग्रजी स्पेलिंगवरून कोणीही ते ‘रॉय’ असे वाचेल. आमच्याकडे कितीतरी दिवस हे घराणे बंगालशी संबंधित आहे की काय, अशी थट्टा चालली होती.) एवढ्यावर प्रश्न मिटला असता, परंतु सासूबाईंकडे असलेल्या एका जुन्या प्रार्थनापुस्तकात काळ्या किनारीचे एक मृत्युस्मरणपत्र सापडले. ते याच पणजोबांच्या सख्ख्या भावाचे असल्याचे घरात सगळे सांगतात, आणि त्यावर आडनाव छापले आहे ‘देजार्दँ’. सख्ख्या भावाचे आडनाव वेगळे कसे? तो सावत्र होता की दत्तक, अशी चर्चा आता घरात सुरू झाली आहे.

दुसरी अडचण पहिल्या नावांची आहे. क्युबेकमधल्या एका पॅरिशमध्ये मला या घरातील वाटावीत अशी सहा भावंडे सापडली. त्यांतील सगळे मुलगे ‘जोसेफ’ आणि सगळ्या मुली ‘मारी’. शिवाय तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन मुलांची नावे अक्षरशः एकच आहेत.

तिसरी गोष्ट लिहिताना थोडा संकोच वाटतो. या मुलांच्या आईचे नाव प्रत्येक नोंदीत तिच्या माहेरच्या आडनावानेच येते. आईवडिलांचे रीतसर लग्न झालेच नव्हते, असा निष्कर्ष नणंदबाईंनी काढला आहे. तो बरोबर आहे का?

जुनीपाने

नमस्कार शोधयात्री. तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, म्हणजे घरातील वातावरण तरी निवळेल. फ्रेंच कॅनडात स्त्री माहेरच्याच आडनावाने बाप्तिस्मा घेई, त्याच नावाने विवाह करी आणि त्याच नावाने तिचे दफन होई. व्यवहारात शेजारीपाजारी तिला नवऱ्याच्या नावाने ओळखत असतीलही. परंतु पॅरिशची नोंदवही आणि नोटरीचे दस्त यांत तिचे जन्माचे नाव कधी सुटत नाही. (आज क्युबेकमध्ये १९८१ पासून कायद्यानेच पत्नीचे नाव बदलत नाही; जुन्या दप्तरांत ती रीत आधीपासून होती.) आपण पाहिलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘कायदेशीर विवाहातून जन्मलेला’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द असतील. ते तपासा आणि नणंदबाईंना दाखवा. वंशशोध घेणाऱ्याला ही रीत म्हणजे मोठी देणगीच आहे, कारण अन्यत्र मातृवंश शोधताना जिथे वाट बंद होते, तिथे क्युबेकमध्ये ती मोकळीच असते.

आता रुआ आणि देजार्दँ. नव्या फ्रान्समध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील फ्रान्सच्या जुन्या वसाहतीत, आडनावाला जोडून दुसरे नाव लावण्याची फार मोठी प्रथा होती. ते जोडनाव ‘दि’ या शब्दाने येई. ‘दि’ म्हणजे ‘म्हटला जाणारा’. आपल्या ‘उर्फ’च्या अगदी जवळचा शब्द. ज्यांच्या नावाने क्युबेक शहराजवळचे आब्राहमचे पठार प्रसिद्ध आहे, ते आब्राम मार्तँ यांना कागदोपत्री ‘दि लेकोसे’ म्हणजे ‘उर्फ स्कॉटिश’ म्हटले आहे. पिएर मिव्हिल ‘उर्फ स्विस’ होते, तर त्यांचा मुलगा जाक याने देशेन हे नाव धारण केले आणि पुढे ‘मिव्हिल दि देशेन’ असे घराणेच झाले. बाप स्विस, मुलगा देशेन, आणि रक्त एकच. मग आपल्याकडचे दोन भाऊ दोन आडनावांचे निघाले, याचे नवल वाटायला नको.

या उर्फनावांचा मोठा झरा सैन्यात होता. १६६५ मध्ये कारिन्याँ-सालिएर रेजिमेंटचे सुमारे १,२०० सैनिक इरोक्वा या तिथल्या मूळ रहिवाशांशी चाललेल्या लढायांसाठी फ्रान्सहून आले, आणि त्यांतले सुमारे ४०० तिथेच स्थायिक झाले. सैनिकाला भरतीबरोबर एक लढाऊ टोपणनाव मिळे. लादुसर म्हणजे मृदू, साँरेग्रे म्हणजे कशाचीच खंत नसलेला, त्राँशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा. (सर्वांत उग्र माणसाचेच नाव ‘मृदू’ पडत असणार, असा माझा एक खासगी समज आहे.) पुढे शेती करू लागल्यावर बंदूक सुटली, नाव मात्र चिकटून राहिले. इतर उर्फनावे गावावरून, शेतावरून किंवा फ्रान्समधल्या मूळ प्रांतावरून पडली. लाँजव्हँ म्हणजे आँजू प्रांतातला.

‘रुआ दि देजार्दँ’ हे या प्रकारातले अतिशय परिचित घराणे आहे. त्याचा मूळपुरुष आंत्वान रुआ हा बर्गंडीतल्या झ्वान्यी गावचा, लाकडी पिंपे बनवणारा कारागीर. तो त्या रेजिमेंटबरोबर १६६५ मध्ये आला, १६६८ मध्ये त्याने मारी माजोर हिच्याशी विवाह केला आणि त्याला पिएर नावाचा एकुलता एक मुलगा झाला. १६८४ मध्ये मॉन्ट्रियलजवळ लाशीन येथे आंत्वानचा खून झाला; ज्याच्या हातून झाला त्याच्या पत्नीशी असलेले संबंध हे त्यामागचे कारण होते. हे प्रकरण न्यायालयात गेले, म्हणून आज आपल्याला त्याच्याविषयी एवढे ठाऊक आहे. सज्जनपणे शेती करून मेलेल्या शेजाऱ्यांविषयी दप्तरात दोन ओळीही नसतात.

या घराण्यातल्या एका व्यक्तीमुळे आपल्याला हा घोळ कायमचा लक्षात राहील. क्युबेकमधील सहकारी पतपेढ्यांचे प्रवर्तक आल्फोंस देजार्दँ यांचा जन्म १८५४ मध्ये लेव्ही येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव फ्राँस्वा रुआ दि देजार्दँ, आणि आईचे नाव क्लारिस मिव्हिल दि देशेन. म्हणजे वडील आणि आई दोघेही उर्फनावांचे. आल्फोंस यांनी पुढे केवळ देजार्दँ हेच नाव वापरले, आणि १९०० मध्ये त्यांनी काढलेल्या पतपेढीतून आजचा ‘देजार्दँ’ हा प्रचंड उद्योगसमूह उभा राहिला. त्यांनी रुआ हे नाव ठेवले असते तर आज क्युबेकच्या चौकाचौकांत ‘रुआ’ अशी पाटी दिसली असती. एकोणिसाव्या शतकात बहुतेक घराण्यांत हीच निवड घडली: एका भावाने मूळ नाव धरले, दुसऱ्याने उर्फनाव, आणि पुष्कळदा ती निवड त्या माणसाची नसून त्या दिवशी लेखणी हातात असलेल्या पाद्रीची होती.

‘किंग’चे कोडे तर सर्वांत सोपे. रुआ म्हणजे राजा. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत गेले, त्यांतले फार मोठ्या संख्येने न्यू इंग्लंडच्या गिरणीगावांत. तिथल्या कारकुनांनी आणि मुकादमांनी ही नावे एक तर भाषांतरित केली, नाही तर कानाला आली तशी लिहिली. लब्लाँचे व्हाइट झाले, बुआव्हेरचे ग्रीनवुड झाले, लेव्हेकचे बिशप झाले, बनुआचे बेनवे झाले. फ्रेंच पॅरिशचा पाद्री मात्र त्याच माणसाला त्याच आठवड्यात रुआ असे लिहीत होता, कारण त्याला ते नाव समजत होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच: क्युबेकच्या दप्तरात एकटे आडनाव धरून चालू नका, जोडपे धरा. नवऱ्याची तीन आडनावे होतील, पण नवऱ्याचे पहिले नाव, पत्नीचे पहिले नाव आणि तिचे माहेर, या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणारी जोडपी फार थोडी निघतात. क्युबेकमधील विवाहनोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, तीही आईच्या माहेरच्या आडनावासह. एका विवाहावरून मागच्या पिढीच्या विवाहाकडे, असे चालत गेलात तर बाप्तिस्म्यांच्या रानात शिरावेच लागत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी विवाहनोंदीतही वराच्या आईवडिलांची नावे असतात. तिथे आईचे माहेर कितीही वाकडेतिकडे लिहिलेले असले तरी आधी ते फ्रेंचमध्ये परत आणा, आणि मग क्युबेकमध्ये ते जोडपे शोधा.

नोंदवहीप्रेमी

जुनीपाने यांनी आडनावांचे सविस्तर सांगितलेच आहे. मी जोसेफ आणि मारी यांच्याविषयी लिहितो.

ज्या काळातल्या नोंदी आपण पाहत आहात, त्या काळात मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी सहसा तीन नावे मिळत. पहिले भक्तीचे, म्हणजे मुलग्याला जोसेफ आणि मुलीला मारी. मधले बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचे पालकत्व स्वीकारणाऱ्यांचे. शेवटचे ते घरात हाक मारण्याचे. वर उल्लेख आलेले आल्फोंस यांचे बाप्तिस्म्याचे नाव गाब्रिएल-आल्फोंस होते, आणि जग त्यांना दुसऱ्या नावाने ओळखते. त्यामुळे ‘जोसेफ’ नावाचे पाच भाऊ असणे ही विसंगती नसून रीतच आहे. प्रत्येकाचे शेवटचे नाव एका कागदावर लिहून काढा. अमेरिकेच्या जनगणनेत आणि कबरीवर तेच सापडेल. १९०० च्या अमेरिकी जनगणनेत जन्माचा महिना, वर्ष आणि देशात आल्याचे वर्ष असे तिन्ही आहे, तेव्हा जुळवणी अवघड जाणार नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकात मागे गेलात, की हा जोसेफ-मारीचा नियम सैल होतो आणि धर्मपित्याचे नाव जसेच्या तसे बाळाला दिलेले दिसते. तिथे धर्मपिता कोण, हे पाहणे फार लाभदायक ठरते, कारण तो पुष्कळदा आजोबा, मामा किंवा काका असतो.

एकाच नावाची दोन भावंडे असतील, तर पहिल्याची दफननोंद शोधा. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या बाळाला देण्याची प्रथा सर्वत्र होती. तीन वर्षांचे अंतर म्हटल्यावर मला तर तीच शक्यता वाटते. क्वचित दोघेही जगलेले असतात, म्हणून दफननोंद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पहिल्याला मृत ठरवू नका.

नोंदीचा साचा एकदा डोळ्यांत बसला की फ्रेंच येत नसले तरी काम भागते. ‘आज, अमुक तारखेला, खाली सही करणाऱ्या आम्ही पाद्रीने, काल जन्मलेल्या व अमुक शेतकरी व अमुक यांच्या कायदेशीर विवाहातून झालेल्या जोसेफ अमुक याचा बाप्तिस्मा केला, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, त्यांना सही करता येत नाही.’ ही शेवटची ओळ जवळजवळ प्रत्येक नोंदीत भेटते, आणि आडनावांची स्पेलिंगे का फिरतात याचे उत्तर तिच्यातच आहे. नावाचा धनी ते वाचून दुरुस्त करूच शकत नव्हता. तारीख अक्षरी असते, त्यामुळे आकड्यांचा घोटाळा फारसा होत नाही. परंतु महिन्याच्या संक्षेपात एक सापळा आहे. सात हा आकडा आणि त्यापुढे तीनचार अक्षरे असतील, तर तो सातवा महिना जुलै नव्हे. ते सप्टेंबर आहे, कारण सप्टेंबर या शब्दातच लॅटिनमधला सात आहे. तसेच आठचा ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा डिसेंबर. मी स्वतः एका बाळाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माच्या दोन महिने आधी उरकला होता.

एखादे पान फाटलेले किंवा शाई उडालेली असेल, तर निराश होऊ नका. १६७९ पासून नव्या फ्रान्समध्ये नोंदवहीच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम होता, एक पॅरिशमध्ये आणि एक न्यायालयात. वंशावळींचे काम करणाऱ्या द्रुआँ संस्थेने गेल्या शतकाच्या चाळिशीत ज्यांचे मायक्रोफिल्म केले, त्या प्रामुख्याने न्यायालयाच्या प्रती. त्यामुळे एका प्रतीतले गेलेले अक्षर दुसरीत पाहता येते, आणि कधीकधी दोन प्रतींत एकाच माणसाचे आडनाव निराळेही सापडते.

सावधपाऊल

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मला फक्त एका घाईबद्दल सांगायचे आहे. देजार्दँ हे नाव दिसले म्हणून लगेच आंत्वान रुआपर्यंत उडी मारू नका. रुआ नावाचे अनेक मूळपुरुष फ्रान्सहून स्वतंत्रपणे आले. सिमेओं लरुआ दि ओदी हा त्यांपैकी एक, आणि त्याचा आंत्वानशी संबंध नाही. स्मरणपत्रामुळे आपला तर्क बळकट झाला आहे, सिद्ध झालेला नाही.

इंटरनेटवरील तयार वंशवृक्षांत रुआ, लरुआ आणि देजार्दँ यांची सर्रास सरमिसळ झालेली असते. छापील साधनांतही पारख हवी. सिप्रियँ ताँगे यांचा सात खंडांचा वंशकोश १८७१ ते १८९० या काळात निघाला आणि एकट्या माणसाने केलेले ते काम थक्क करणारे आहे, परंतु त्यात चुका आहेत, आणि त्या चुका आजही नकलून पुढे जात आहेत. १७३० पर्यंतच्या काळासाठी रने जेते यांचा १९८३ चा कोश अधिक विश्वासार्ह. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ पासून चाललेल्या ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राच्या प्रकल्पाने जुन्या पॅरिशनोंदी कुटुंबांत जुळवून ठेवल्या आहेत. जोडप्यावरून शोधायचे असेल तर तिथूनच आरंभ करावा.

उलट बाजूचे उदाहरण त्राँब्ले यांचे. क्युबेकमधले हे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव, आणि ते सर्व १६५७ मध्ये विवाह झालेल्या पिएर त्राँब्ले आणि ओझान आशों या एकाच दांपत्याचे वंशज. तिथे मूळपुरुष कोण हा प्रश्नच नाही. मधल्या पिढ्यांत एकाच पॅरिशमधले चार जोसेफ त्राँब्ले वेगळे काढताना मात्र नाकी नऊ येतात. अशा वेळी उर्फनाव असलेल्या घराण्यांचा हेवा वाटतो.

शोधयात्री

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे लॉवेलच्या सरकारी नोंदीतील आईवडिलांची नावे घेतली, आईचे माहेर फ्रेंचमध्ये परत आणले आणि ते जोडपे शोधले. कामुरास्का परिसरातल्या एका पॅरिशमध्ये त्यांचा विवाह सापडला, आणि वराचे नाव तिथे पूर्ण लिहिले आहे: ‘रुआ दि देजार्दँ’. दोन एकसारख्या नावांपैकी थोरल्याची दफननोंदही मिळाली. तो अकरा महिन्यांचा असताना गेला. सासूबाईंनी ते ऐकून स्मरणपत्र पुन्हा प्रार्थनापुस्तकात ठेवले आणि त्या बाळाचे नाव आपल्या वहीत लिहून घेतले. नणंदबाईंनी आपला निष्कर्ष मागे घेतला आहे.

मात्र या विवाहनोंदीत वराचे आईवडील नाहीत. त्याऐवजी तो एका स्त्रीचा ‘विधुर’ असल्याचे लिहिले आहे. शिवाय ‘तिसऱ्या अंशाच्या रक्तसंबंधातून सूट’ असे काही आहे. याचा अर्थ काय घ्यावा?

जुनीपाने

अभिनंदन. दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पुनर्विवाहात पाद्री सहसा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचे नाव लिहीत असे. पहिल्या पत्नीचे नाव मिळाले म्हणजे आपल्या हाती आणखी एक जोडपे आले. तो पहिला विवाह शोधा. वराचे आईवडील तिथे असतील. शोधताना रुआ आणि देजार्दँ अशी दोन्ही आडनावे स्वतंत्रपणे घालून पाहा, कारण पहिल्या वेळचा पाद्री दुसरा असू शकतो.

सूट म्हणजे जवळच्या नात्यात विवाह करण्यासाठी चर्चने दिलेली परवानगी. चर्चच्या त्या वेळच्या मोजणीत सख्खी भावंडे पहिल्या अंशात, चुलत-मामे-आतेभावंडे दुसऱ्या अंशात आणि पणजोबा-पणजी समान असलेले लोक तिसऱ्या अंशात येतात. तेव्हा या विवाहातील वर आणि वधू यांचे एक पणजोबा-पणजीचे जोडपे सामाईक आहे. हे आश्चर्याचे नाही. १६६६ च्या, वसाहतीचे प्रशासक जाँ तालों यांच्या जनगणनेत सगळ्या वसाहतीत ३,२१५ माणसे नोंदली गेली होती, आणि १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने विवाहासाठी आलेल्या तरुणींची संख्या सुमारे ७७० होती. मारी माजोर ही त्यांपैकीच एक. एवढ्या थोड्या लोकांचे वंशज एकाच नदीच्या काठी सात पिढ्या नांदले, म्हणजे नाती गुंतणारच.

आपल्याला याचा उपयोग असा: पहिला विवाह सापडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दुसऱ्या पत्नीचे आईवडील आपल्या नोंदीत आहेतच. तिच्या बाजूने तीन पिढ्या वर जा आणि त्या चार पणजोबा-पणजींच्या जोडप्यांत कुठे रुआ किंवा देजार्दँ दिसते ते पाहा. दिसले, तर वराची शाखा कोणती याचा अंदाज लागेल, आणि पहिल्या विवाहाची नोंद मिळाल्यावर ताळा करता येईल. न दिसले, तर सामाईक नाते वराच्या आईकडून किंवा आजीकडून आले असेल. त्या वेळी नोटरीचा विवाहकरार मागवा. पुनर्विवाहाच्या करारात पहिल्या लग्नाच्या मुलांचा हिस्सा लिहिलेला असतो, आणि ती मुले कोणत्या आडनावाने लिहिली आहेत तेही आपल्याला तिथेच कळेल.